उरलेला तुकडा

कापडाचा तुकडा कुणाचा, याबद्दल मास्तरांना उभ्या आयुष्यात शंका आली नव्हती. गिऱ्हाइकाचं कापड, मास्तरांची कात्री, आणि बेतून उरलं ते शिंप्याचं. कुणी मागितलंच तर द्यायचं, पण मागतंय कोण? त्या तुकड्यांच्या लहान मुलांच्या टोप्या शिवून मास्तर खुशाल विकत आले.

रक्ताचं मात्र त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

वीस वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ मशीनवर बसल्या बसल्या गेला. हृदय थांबलं. मग डॉक्टर मंडळी आली, मास्तरांच्या रक्ताच्या चार नळ्या भरून घेऊन गेली. मास्तरांनी सही ठोकली आणि विसरले. त्या रक्तात घराण्याचा दोष सापडला म्हणे, जनुकातला. तो ओळखायची तपासणी निघाली आणि तिचं पेटंट कुठल्याशा कंपनीच्या नावावर झालं.

मास्तरांची लेक शाळेत मुलांना पळायला शिकवते. तिला मैदानावर चक्कर आली. साधी चक्कर की काकाच्या जातीची, हे तपासणीशिवाय कळणार नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी लॅब आहे, तिथे यंत्र आहे, माणूस आहे, पण परवानगी नाही. कंपनीकडे नंबर लावा आणि तीन महिने थांबा. आता बोला!

मास्तर वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, रक्त तुमचं होतं, त्यातून कळलं ते त्यांचं. मास्तरांनी तीनदा विचारलं, तीनदा मान डोलावली आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा सगळा गोंधळ. रक्त आपलं, पोर आपली, आणि परवानगी तिसऱ्याची? बरं, चिडावं तर दुकानात समोर टोप्यांचा गठ्ठा. आपण तरी कुणाला विचारलं होतं?

एकदाचा नंबर आला. लेकीच्या रक्ताशी ताडून पाहायला कंपनीला बापाचं ताजं रक्त हवं होतं. मास्तरांनी अर्ज भरला आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘उरलेलं परत करावं.’

खिडकीतल्या बाईंनी अर्ज मागे सरकवला. “काका, असं लिहिलेलं चालत नाही. हे खोडा, नाहीतर नवा नंबर घ्यावा लागेल.”

“मग उरलेलं कुणाचं?”

बाईंनी पेन पुढे केलं.

लेक मागे बाकावर बसली होती. तीन महिन्यांत ती भीतीने जिनासुद्धा भराभर चढली नव्हती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि बाही वर सारली.