गुडघ्यातला भाडेकरू

आमच्या गुरुवारच्या ओपीडीत किस्से घडायला फारसं काही लागत नाही. एक लांब बाकडं, त्यावर आपापला गुडघा नाहीतर मनगट सांभाळत बसलेली आम्ही चार-पाच माणसं, आणि आत उशीर करणारे डॉक्टर. तेवढं पुरतं! दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचं आणि येताना एक तरी किस्सा घेऊन यायचं, असं माझं बरीच वर्षं चाललं. परवा मैत्रिणींना सांगायला बसले, तर चहा दोनदा करावा लागला.

मी मूळची अमरावतीची. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली, तेव्हा खराडीत आयटी पार्क नुकते उभे राहत होते. राहायला कोथरूड. कंपनीच्या बसमध्ये एक झोप व्हायची, एवढं अंतर. उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी त्या बसच्या सीटला शिव्या घातल्या. टीम लीडनं ऑफिसच्या खुर्चीला घातल्या. गुडघा काही ऐकेना. शेवटी एक्स-रे काढला, तर मांडीच्या हाडाचं खालचं टोक, अगदी सांध्याला लागून, आतून पोखरलेलं!

लिमये डॉक्टरांनी तो एक्स-रे उजेडावर धरला. हाडाच्या गाठींचं काम करणारे हे सर्जन. बोलणं मोजकं आणि वाकडं.

"कॅन्सर आहे का?" मी विचारलं.

"बहुधा नाही. जायंट सेल ट्यूमर वाटतोय, मोठ्या पेशींची गाठ. तुमच्या हाडात भाडेकरू शिरलाय म्हणा."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"एवढ्यात खूश होऊ नका," डॉक्टर म्हणाले. "पुण्यातला भाडेकरू आहे. सहज निघायचा नाही. आणि काढला, तरी परत यायला बघतो!"

\* \* \*

गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. तो बघणार होत्या लॅबच्या डॉक्टर शेख मॅडम. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, त्यामुळे टोमणा मारण्यात लिमयांना तोडीस तोड. मी दुसऱ्याच दिवशी लॅबच्या दारात हजर. प्रोजेक्टची डेडलाइन डोक्यावर होती, वाट बघायची सवय मोडलेली.

"मॅडम, रिपोर्ट?"

"एक्स-रे कुठंय?"

"तो लिमये सरांकडे. पण तुम्ही तर मायक्रोस्कोपमधून बघता ना?"

"बघते. मोठ्या पेशी भरपूर दिसतायत. पण मोठ्या मिशा दिसल्या म्हणजे माणूस फौजदारच असतो का?"

मग त्यांनी मला बसवून नीट समजावलं. मानेतल्या एका छोट्या ग्रंथीचं बिघडलं, तरी हाडात अगदी असंच चित्र दिसतं. म्हणून आधी रक्तातलं कॅल्शियम बघायचं. आणि गुरुवारी त्या, लिमये आणि एक्स-रेवाले डॉक्टर असे तिघं एकत्र बसल्याशिवाय कुणीच निकाल सांगायचा नाही, ही त्यांची रीत.

"गुरुवारपर्यंत मला झोप कशी लागणार?"

"घाईनं चुकीचं सांगितलं, तर मला लागणार नाही. तुम्ही तरुण आहात, तुम्ही जागा!"

तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या बाईंनी घाई केली नाही, हे केवढं माझं नशीब!

\* \* \*

गुरुवारी निकाल लागला. जायंट सेल ट्यूमरच. आता दोन वाटा होत्या. सगळा सांधा काढून धातूचा बसवायचा, किंवा गाठ खरवडून काढून पोकळीत सिमेंट भरायचं. दुसऱ्या वाटेत गुडघा माझा स्वतःचा राहणार होता, पण गाठ परत येण्याची भीतीही राहणार होती. लिमये म्हणाले, "वय लहान आहे. आपण गुडघा वाचवायला बघू."

बाबा अमरावतीहून आले होते. जन्म सगळा सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यात गेलेला. ट्यूमर ऐकून गप्प बसलेला माणूस सिमेंट म्हटल्यावर एकदम ताठ झाला.

"पाणी किती दिवस मारा लागते जी?"

"अहो, हे हाडांचं सिमेंट. पाणी लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं."

"धा मिनिटांत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, काम कच्चं होईन!"

लिमये डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून सिमेंटचा एक जुना कडक गोळा काढून बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो टेबलावर ठोकला, नखानं खरवडला, उजेडात फिरवून पाहिला.

"चालू द्या," म्हणाले. आमच्याकडून ऑपरेशनला एवढीच रीतसर मंजुरी!

\* \* \*

ऑपरेशनच्या वेळी मी कमरेखाली बधिर, वर पूर्ण जागी. पडद्यापलीकडे दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला मशीनचा आवाज. हाड आतून घासणं चाललं होतं. एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा मशीन सुरू झालं तेव्हा मदतनीस डॉक्टर म्हणाले, "सर, आता स्वच्छ आहे."

"तुमच्याकडे दिवाळीची साफसफाई कोण करतं?"

"बायको आणि मी."

"तुम्ही झाडलेल्या खोलीत ती परत झाडू मारते की नाही?"

"मारते, सर."

"मग पाणी सोडा, परत बघू."

पडद्याअलीकडे मला रडू येत होतं आणि हसूही. कुणीतरी माझ्या एका हाडासाठी इतका चिकटपणा करतंय, याचं फार बरं वाटलं.

\* \* \*

मग कुबड्या, मग काठी, मग नुसती मी. एकच गोष्ट सक्त मना: स्कूटरला किक मारायची नाही. पुण्यात हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं! मी बटणाची स्कूटर घेतली आणि बंदी पाळली.

बाकड्यावर माझ्या शेजारी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला सावंत बसायचा. गाठ तीच, पायही उजवाच, फक्त माझ्याआधी वर्षभर. एका गुरुवारी तो आतून बाहेर आला, मागून लिमये, आणि दोघं थेट पार्किंगमध्ये. तिथे डॉक्टरांची स्कूटर उभी. जुनी, गिअरची, आणि पहिल्या किकला कधीही चालू न होणारी.

"मारा," लिमये म्हणाले.

सावंतनं घाम निघेपर्यंत किका मारल्या. स्कूटर ढिम्म.

"पाय पास," डॉक्टर म्हणाले. "गाडी नेहमीप्रमाणे नापास."

म्हणजे गाठ परत येण्याच्या धोक्याचा काळ संपला, हे सांगायची त्यांची ही पद्धत. सावंतनं सगळ्या बाकड्याला पेढे वाटले आणि वर डॉक्टरांची स्कूटर गेटपर्यंत ढकलून दिली. मी पेढा खाल्ला आणि मनात ठरवलं, आपल्यालाही ही स्कूटर हवी.

\* \* \*

माझी वेळ आली तेव्हा एक्स-रेत सिमेंटच्या कडेनं एक काळी रेघ दिसली. ती रुंदावत असेल, तर भाडेकरू परत आला म्हणायचं. मागच्या वेळी ती होती का, बारीक होती का, आठवेना. बाहेर बाकड्यावर बाबा आणि मी. आत ते तिघं डॉक्टर. दार बंद. बाबा आयुष्यात पहिल्यांदा सिमेंटबद्दल काही बोलत नव्हते.

दार उघडलं. आधी शेख मॅडम बाहेर आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तडक लॅबकडे गेल्या.

मग लिमये आले. "रेघ सुरुवातीपासून तेवढीच आहे. सगळे जुने एक्स-रे लावून पाहिले. छातीचा फोटोही स्वच्छ, फुप्फुसात काही पसरलेलं नाही. चला."

"कुठे?"

"खाली."

पार्किंगमध्ये बाबा माझी पर्स धरून उभे राहिले. वर लॅबच्या खिडकीत शेख मॅडम. मी स्कूटरचं हँडल धरलं, उजवा पाय किकवर ठेवला आणि डोळे मिटून मारली.

स्कूटर पहिल्या किकला चालू झाली!

बाबांनी तोंड फिरवलं. लिमये डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. थोड्या वेळानं पुन्हा काढला. मला काय करावं सुचेना, म्हणून मी बंद करायला हात पुढे केला.

"अहो, बंद करू नका!" लिमये ओरडले. "मला घरी जायचंय!"