साइडकारची गादी

माझ्या मामाला कोणी रामराम घातला, तर तो आधी विचारायचा, "काऊन?" म्हणजे, कशासाठी? समोरचा गडबडून म्हणायचा, "काई नाई भाऊ, सहज." मग तर मामाचा संशय पक्काच व्हायचा. कोणी काही सहज करतं, यावर त्याचा विश्वास नव्हता. पाण्याचा पेला हातात आला की आधी तळ पाहायचा आणि मग प्यायचा. स्वतःच्या घरीसुद्धा.

नातवंडांनो, तिकडे परदेशात जुनी गाडी घेणार आहोत असं परवा तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांपुढे आहे.

वडील गेल्यावर आई मला घेऊन नागभीडजवळ या मोठ्या भावाकडे राहायला आली. मामा धान पिकवायचा, पण त्याचं नाव होतं बैल पारखण्यात. बैल घ्यायचा तर लोक त्याला बाजारात सोबत न्यायचे. गावातली माझी शाळा सातवीला संपली. पुढची शाळा नागभीडला, आणि मधे जंगलाचा पट्टा. बैलगाडीनं रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, मुलीनं सायकलच्या कॅरियरवर बसणं आईला पसंत नव्हतं, आणि पायी जाण्याचा विषय वाघामुळे निघतच नव्हता. नात्यातल्या बायका आईला स्थळं सुचवू लागल्या होत्या. पावसाळ्याआधी काही सोय झाली नाही, तर माझं शिक्षण तिथेच थांबणार होतं.

त्या उन्हाळ्यात मी हट्ट करून मामाबरोबर बैलबाजारात गेले. मोहाच्या झाडाखाली, बैलांच्या रांगेत, एक खाकी विजारीतला माणूस हिरवी मोटरसायकल घेऊन उभा होता. तिच्या डाव्या बाजूला लहान होडीसारखी साइडकार होती.

"या भाऊ, पाहा. जुनी हाय, पन तब्येतीनं चांगली. बाजूले पोरगी आरामात बसन."

मामा थबकला. "पोरगी बसवाची हाय, हे तुले कोनं सांगतलं?"

"पोरगी तुमच्या बाजूलेच उभी हाय ना, भाऊ!"

मामानं बैल पाहावा तशी ती गाडी पाहिली. आधी दुरून, मग जवळून, मग खाली वाकून. पोटाखाली हात फिरवला, बोटाला लागलेलं तेल हुंगलं. साइडकारमध्ये मला आणि धानाचं पोतं बसवून तलावाकाठच्या चिखलातून गाडी चालवायला लावली. गाडी कुरकुरली, पण निघाली. मग त्यानं बैलबाजारातला आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "काऊन विकून राह्यला?"

"बदली झाली, भाऊ."

थोड्या वेळानं तोच माणूस दुसऱ्या कोणाला सांगत होता, पेट्रोल परवडत नाही. मामाचे कान तिकडेच होते. तो मला हाताला धरून चालू लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तसा तो हळूच म्हणाला, "रडू नको. तू रडली का तो भाव वाढवते." आणि मागे फिरला. सौदा ठरला.

आमच्याकडे बैल विकला की विकणारा आपलं दावं सोडून घेतो आणि घेणारा स्वतःचं दावं बांधून बैल नेतो. मामानं बाजारात येताना नवं दावं आणलंच होतं. ते त्यानं गंभीरपणे मोटरसायकलच्या हँडलला बांधलं. बघणारे हसले. तो माणूस मात्र हसला नाही. साइडकारमधली फुलाफुलांची गादी उचलून म्हणाला, "मंग ही मी ठेवतो."

झालं! मामानं गादी हिसकून घेतली आणि आतला कापूस चाचपू लागला. "काय लपवलं यात?"

"काई नाई, भाऊ. माही बाई बसे यावर. दवाखान्यात नेत होतो तिले. गेली ते. तिकडं राजुऱ्यात सारेच गाडी ओळखतेत. रस्त्यानं निघालो का विचारतेत, बाई कशी हाय. म्हनून इतक्या दूर आलो."

मामानं गादी परत दिली. पण विश्वास ठेवला असं नाही. त्या माणसानं आम्हाला घरी आणलं, मामाला गाडी शिकवली आणि तो रेल्वेनं निघून गेला. गाडी गोठ्यात बैलांशेजारी उभी राहिली. मला शिवायचीसुद्धा बंदी. "त्याची बाई होती का, आन कायच्यानं गेली, हे पाह्यल्याबिगर पोरगी यात बसनार नाई," असं आईला सांगून मामा राजुऱ्याला गेला. शाळा उघडायला आली होती.

परत आल्यावर मामानं हातपाय धुतले, पेल्याचा तळ पाहिला, पाणी प्यायला. मग आईला म्हणाला, "होती. पोटातल्या गाठीनं गेली. गादी शिव."

आईच्या जुन्या लुगड्याच्या त्या गादीवर बसून मी मॅट्रिक झाले. ज्या इंग्रजीत तुम्ही मला पत्रं लिहिता, ती मला त्याच रस्त्यानं मिळाली. साइडकार रिकामी असली की डाव्या वळणावर उचलली जायची, म्हणून मला शाळेत सोडल्यावर मामा माझ्या जागी धानाचं पोतं ठेवून परतायचा. पोतंही गादीवरच.

लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आजोबांच्या घरच्यांनी हुंडा नको म्हटलं. "काऊन?" मामानं विचारलं, आणि चार गावांत चौकशी करून आला.

लग्नानंतर मी सासरी चांद्याला आले. काही महिन्यांनी एक अनोळखी माणूस दारात उभा राहिला. पाणी नको म्हणाला.

"नागभीडकडं मामाच्या साइडकारमधी बसून शाळेत जानारी पोरगी तुमीच का, बाई?"

"हो. का?"

"मोटरसायकल घेतली त्याईच्याजवळून. काऊन विकता, त विचारलं. म्हने, बसनारी पोरगी सासरी गेली. बाकी सारं देलं, पन गादी काई देली नाई. म्हटलं, काईतरी भानगड हाय. पाहून यावं."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. "खरं आहे," म्हटलं. "मीच ती."

त्यानं मला एकदा नीट पाहून घेतलं, मान हलवली आणि रामराम करून निघून गेला.