फ्रीगंजातल्या माझ्या सवाष्णी

उज्जैनीच्या फ्रीगंज वस्तीत येऊन महिनाही झाला नव्हता, ट्रंकांची कुलपं उघडायची होती, तोच ह्यांना मुदतीचा ताप भरला. गावात ओळखीचं कुत्रंदेखील नव्हतं हो! मी भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला, हात जोडले आणि बोलून गेले, "हे उठून शाळेत जाऊ लागले, तर श्रावणातल्या दर शुक्रवारी सवाष्ण जेवू घालीन. जन्मात एक शुक्रवार चुकवणार नाही." जिवती ही मुलाबाळांची देवी, तिला नवऱ्यासाठी कसलं साकडं, असं सासूबाई म्हणाल्या असत्या. पण त्या साताऱ्यात आणि मी इथे. जवळ होती तिलाच हाक मारली.

हे उठले, शाळेत गणित शिकवायला जाऊ लागले, आणि मग माझ्या ध्यानात आलं की परमुलखात डाळ-गूळ मिळतो, सवाष्ण शोधावी लागते! ती पानावरून उठेपर्यंत घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. बाई मिळाली नाही, तर नवस मोडला.

तेव्हापासून शोधतेच आहे, आणि त्यातून हे किस्से साठले. उरलेलं पुरण दुसऱ्या दिवशी आंबतं. सवाष्णींच्या गोष्टी, देवी क्षमा करो, मुरत जातात!

*

"परमुलूख" हा शब्द मामंजींचा. देश स्वतंत्र व्हायच्या सुमाराला आम्ही निघालो, तेव्हा ते ओसरीवरून म्हणाले होते, "ब्रिटिश मुलूख सोडून संस्थानात चाललात? परदेशच की तो!"

पहिल्या पत्रावर आम्ही पत्ता घातला ग्वाल्हेर संस्थान. तो मामंजींच्या अंगवळणी पडतोय, तोवर झालं मध्य भारत. ते पाठ होतंय, तोवर मध्य प्रदेश! आमचं घर तेच, जिना तोच, जिन्याखालची मांजरसुद्धा तीच.

मामंजींचं उत्तर आलं, "चिरंजीवांना सांगणे, दर थोड्या वर्षांनी परदेश बदलण्याची ही काय खोड? माणसाने एका ठिकाणी टिकून राहावे."

*

पहिली सवाष्ण मिळाली ती काकीसाहेब. त्यांचे कोणी पूर्वज ग्वाल्हेरच्या दरबारात कारकून होते. घरातली कारकुनी केव्हाच गेली, दरबार मात्र राहिला. बोलणं निम्मं हिंदी, "मी आली, मी बोलली," असं. पण आम्हा नव्यांना म्हणायच्या, "तुम्ही दक्षिणी लोक!" जशा काही त्यांच्या पणज्या क्षिप्रेतून वर आल्या होत्या!

आमच्यापासून चार घरं पलीकडे राहायच्या, पण आल्या टांग्यातून. "आमच्याकडे पैदल जायची रीत नाही." घोडा आमच्या दारात आणि टांग्याची चाकं अजून त्यांच्याच दाराशी, एवढंच व्हायचं बाकी राहिलं!

पुरणपोळी खाल्ली, दुसरी घेतली, तिसरीवर तूप मागून घेतलं. मी भीत भीत विचारलं, "बरी झालीय का?"

"छान आहे," काकीसाहेब म्हणाल्या. "आमच्याकडे नोकर अशीच बनवायचे."

*

आम्हा मराठी बायकांच्या भगिनी मंडळात दुसऱ्या मोठ्या बाई म्हणजे सुमतीबाई, बँकेतल्या साहेबांच्या पत्नी, पुण्याच्या. उज्जैनीला येऊन वर्षं उलटली, तरी घरात खिळा ठोकलेला नाही. होल्डॉल पट्टे आवळून दाराशी उभा. "बदली आली की निघायचं, मग कशाला पसारा?" देवसुद्धा डब्यात! त्या डब्याचं झाकण आरतीपुरतं उघडायचं. मला त्या देवांची फार दया यायची. त्यांनी काय पाप केलं होतं म्हणून ह्यांच्याबरोबर बदलीची वाट बघायची?

माझ्याकडे जेवायला बसल्या. कटाच्या आमटीचा भुरका मारला आणि डोळे मिटले. "ही डाळ इथली नाही हं. पुण्याची आहे. लगेच कळतं!"

मी म्हटलं, "नाही हो, इथल्याच देवास गेटजवळच्या दुकानातली."

"चेष्टा पुरे! कोण पाठवतं, भाऊ का?"

तीन-तीनदा सांगितलं. बाई ऐकेचनात. शेवटी म्हणाल्या, "नाव नका सांगू, पण मलाही आणवून द्या." मग दर महिन्याला मी देवास गेटहून आणायची आणि त्या 'पुण्याची डाळ' म्हणून भरून ठेवायच्या.

एकदा त्यातली थोडी त्यांनी पुण्याला बहिणीकडे धाडली, तिला ओळखता येते का बघायला. बहिणीनं कळवलं, "फार दिवसांनी खरी डाळ खाल्ली. अशी हल्ली पुण्यात मिळत नाही!"

*

पहिल्या वर्षी माझा जीव जायची वेळ आली होती ती श्रावणावरून.

गुरुपौर्णिमा उलटली आणि शेजारच्या अम्माजी, खाली दुकान असलेल्या हलवायाची बायको, सकाळीच ओल्या केसांनी महाकालाला निघाल्या. विचारलं तर म्हणतात, "सावन लग गया, बेटी!" माझ्या हातातलं भांडं पडलं. म्हणजे शुक्रवार चुकला की काय? नवस पहिल्याच वर्षी बुडाला?

ह्यांना उठवलं. हे म्हणाले, "इकडचा महिना पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावास्येनंतर. दोन्ही बरोबर." गणिताच्या मास्तरांना एक उत्तर द्यायला काय होतं?

अम्माजींना सांगितलं तर त्या पोटभर हसल्या. "तो क्या हुआ? भगवान पंद्रह दिन ज्यादा जीम लेगा!"

मंडळात मात्र ह्यावर मोठी चर्चा. काकीसाहेब इथल्या श्रावणाच्या बाजूनं, सुमतीबाई पुण्याच्या पंचांगाच्या. आणि आमच्या इंदूताई दोन्हीकडे मान हलवणाऱ्या. ह्या इंदूताईंचं व्रतवैकल्यांवर व्याख्यान ऐकावं! पण इथला श्रावण लागला, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले तर बाई कांदाभजी खात होत्या. "अहो, आपला कुठे लागलाय अजून?" आपला सरत आला, तेव्हा गेले तर पुन्हा भजी. "अहो, इथला केव्हाच संपला की!"

मी म्हटलं, "आणि मधला पंधरवडा? तो तर दोघांचाही होता!"

"तेव्हा मला पित्त झालं होतं."

*

राज्यांच्या हद्दी नव्यानं आखायचं चाललं होतं, त्या दिवसांत आमच्या मंडळात भजनं बंद आणि नकाशे सुरू झाले. सुमतीबाईंनी चक्क होल्डॉलचे पट्टे सैल केले. का? तर आता पुण्याला जायचं कारणच नाही, महाराष्ट्रच इथवर येणार! "पूर्वी आपलंच होतं ना सगळं? टावर चौकापर्यंत येईल, बघा."

"फक्त टावर चौकापर्यंत?" काकीसाहेब खवळल्या. "आमचं घर त्याच्या पलीकडे पडतं!"

दोघींचं त्यावरून असं वाजलं की मंडळाची बैठक मोडली. मी घरी येऊन अम्माजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सरकार मराठी आए या हिंदी, जलेबी तो गोल ही रहेगी ना?"

*

आणि आता त्याच वर्षीच्या श्रावणातला शेवटचा शुक्रवार.

महाराष्ट्र काही टावर चौकात आला नाही. उज्जैन नव्या मध्य प्रदेशात जाणार हे ठरलं आणि सुमतीबाईंनी घरात सुतक पाळावं तसं तोंड केलं. मी सवाष्ण म्हणून बोलावायला गेले तर म्हणाल्या, "महाराष्ट्र होईपर्यंत मी गोड खाणार नाही. माझाही नवसच आहे!"

काकीसाहेबांकडे गेले. त्यांना बातमी आधीच लागलेली. "त्या नाही बोलल्या म्हणून आमची याद आली? आम्ही दुसऱ्याच्या जागेवर बसत नाही."

इंदूताईंना पित्त झालं होतं.

घरी आले. पुरण झालेलं, पाट मांडलेला, रांगोळी घातलेली. मुलं भुकेनं रडकुंडीला आलेली, हे शाळेतून येऊन मुकाट्यानं पंचांग वाचत बसलेले. ह्यांच्याकडे बघितलं आणि तो ताप आठवला. सवाष्ण 'आपल्यातली' हवी, हा मंडळाचा कायदा. म्हणून इतक्या वर्षांत एका भिंतीपलीकडच्या अम्माजींना मी पानावर बोलावलं नव्हतं. आता म्हटलं, जळो तो कायदा! कुंकवाचा करंडा घेतला आणि त्यांच्या दारात उभी राहिले.

सगळं ऐकून अम्माजी आधी म्हणाल्या, "कौन, पूनावाली? मीठा छोड़ दिया? उसके यहाँ तो रोज पाव भर जलेबी जाती है!" आणि मग त्यांचा चेहरा पडला. "पर मैं कैसे आऊँ, बेटी? बेटी के घर का तो पानी भी नी पीते हम!"

आलं ना ध्यानात? इकडच्या लोकांत लेकीच्या घरी आईबाप पाण्याला शिवत नाहीत. आणि ह्या बाईनं मला पहिल्या दिवसापासून बेटी म्हटलेलं. ह्यांच्या तापात रात्रंदिवस उशाशी बसली ती बेटी म्हणूनच. बाकीच्या मानापायी आल्या नाहीत, आणि हिला मायेपायी येता येईना! मी उंबऱ्यातच बसले आणि पदर डोळ्याला लावला.

अम्माजी आत वळल्या. मग फडताळातून नवी साडी काढत म्हणाल्या, "चल, उठ. आज तू बेटी नी. मैं तेरी जेठानी, तू मेरी देवरानी. देवरानी के घर तो हक से खाऊँगी!" म्हणजे त्या थोरल्या जाऊबाई, मी धाकटी.

आल्या. पाटावर बसल्या. हे दिसताच हातभर घूंघट ओढला आणि घूंघटाआडूनच पुरणपोळी खाऊ लागल्या. "दाल भी इसमें, मीठा भी इसमें, रोटी भी इसमें! तुम लोग सब एक में ही निपटा देते हो?"

मी आनंदात होते. तुपाची वाटी घेऊन सवयीनं विचारलं, "अम्माजी, थोडा घी?"

त्यांचा हात पानावरच थांबला. घास तसाच बोटांत.

"किसको बुलाया?" घूंघटातून आवाज आला.

"जेठानीजी!" मी घाईघाईनं म्हटलं. "जेठानीजी, थोडा घी?"

"हाँ. अब परोस."

पोटभर जेवल्या. मी ओटी भरली, पाया पडले. त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं आणि उंबरा ओलांडला. ओलांडला आणि त्यांना उचकी लागली. एक, दोन, थांबेचना. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावले.

अम्माजी भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी आलेलं. तांब्या बघितला आणि दोन्ही हात मागे नेले.

"बाहर आ गई मैं. अब तो अम्मा हूँ," उचकीतून त्या म्हणाल्या. "बेटी के घर का पानी नी पीती!" आणि तशाच, उचक्या देत, आपल्या घरी गेल्या.

तेव्हा बायांनो, कुठे नव्या गावात घर लावत असाल, तर माझं एवढं ऐका. येत्या शुक्रवारी एक पान भिंतीपलीकडच्या बाईसाठी मांडा. आणि ती निघाली, की तांब्या घेऊन मागे धावू नका.