सासरे, मी आणि कमरेएवढं पाणी

माझ्या सासऱ्यांना महासागरात ढकलण्याचा माझा अजिबात विचार नव्हता.

उलट ते मला मनापासून आवडतात. अण्णा साताऱ्याचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय बहात्तर, आवाज हळू आणि अपेक्षा शून्य. आमच्याकडे जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला येतात तेव्हा चांगले तीन महिने राहतात, पण त्या तीन महिन्यांत 'मला अमुक हवं' असं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. भाजी कुठली करू? "तुम्हाला आवडेल ती." खिडकी लावू? "तुम्हाला थंडी वाजत असेल तर लावा." एकदा मी आमटीत मिठाऐवजी साखर घातली, तर "जरा वेगळी झालीय" म्हणून दोन वाट्या प्यायले!

मीही त्या बाबतीत मागे नाही. सासऱ्यांना 'नाही' म्हणायचं नसतं, हे माझ्या आईनं लग्नात मुंडावळ्यांबरोबरच माझ्या डोक्याला बांधून दिलंय. आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी आम्ही दोघं "आधी तुम्ही", "छे छे, अभयराव, आधी तुम्ही" करत उभे राहतो आणि लिफ्ट कंटाळून आमच्याशिवाय वर निघून जाते.

तर तो रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, रिकाम्या बाटल्या पेटीत टाकणंही बंद. उरतो टीव्ही. मी सगळ्यांसाठी आलं घालून चहा करून आणला. चहाच्या वाफेनं काचा धुरकट होतात म्हणून अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कप हातात घेऊन ते खुर्चीत मागे टेकले. टीव्हीवर ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट शहराबद्दल काहीतरी चाललं होतं. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा फळीवर उभा राहून भल्यामोठ्या लाटेवरून सरसरत किनाऱ्याकडे आला, आणि अण्णा म्हणाले,

"वा!"

मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढत नेलं. तिचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"अरे, अण्णा कशाला 'वा' म्हणालेत असं मी जन्मात ऐकलेलं नाही! माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा 'बरं झालं' म्हणाले होते. नुसतं 'बरं झालं'! सगळं आयुष्य त्या धरणांवर गेलं त्यांचं. आज पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवंसं वाटलंय."

मलाही गलबलून आलं. या माणसानं मला मुलगी दिली, दर खेपेला बॅगेत स्वतःचे कपडे कमी करून माझ्यासाठी कंदी पेढे आणले आणि बदल्यात काही म्हणजे काही मागितलं नाही. मी तिथल्या तिथे, हातात गाळणं असताना, जाहीर केलं, "नेऊ या त्यांना."

मेधा प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिच्यासमोर असं वाक्य एकदा उच्चारलं की ते परत घेता येत नाही. आमच्या लेकीला, इराला, शाळेची शरद ऋतूची सुट्टी असते बरोबर दोन आठवडे, ती मेधानं धरली. तिथून अण्णा परस्पर साताऱ्याला जातील असं ठरलं. (फ्रँकफर्टहून साताऱ्याला जाताना ऑस्ट्रेलिया वाटेत लागत नाही, हे भूगोलात काठावर पास होऊनही मला ठाऊक होतं. पण बोलणार कोण?) शिवाय ही सुट्टी साधी नव्हे, तर 'आक्टीफउर्लाउब' असणार होती. हा इथल्या लोकांचा लाडका प्रकार आहे. यात माणूस सुट्टीवर जाऊन ऑफिसपेक्षा जास्त दमतो आणि परत आल्यावर त्याबद्दल सगळ्यांना आनंदानं सांगतो.

मी अण्णांना विचारायला गेलो. पद्धतशीर, दोन्ही हात पुढे बांधून.

"अण्णा, गोल्ड कोस्टला जायचं म्हणतोय. सर्फिंग करू. त्या टीव्हीवरल्या आजोबांसारखं. चालेल ना?"

अण्णांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर करू की."

मला वाटलं, बिचारे संकोचतायत! म्हणून मी जोर लावला, "समुद्रात कयाकिंगही घेऊ. ते वल्हवायचं."

"घ्या ना. माझ्यामुळे तुम्ही मन मारू नका. आणखी काही आवडत असेल तर तेही घ्या."

याचा अर्थ मी सरळ असा लावला की त्यांना आणखी हवंय. मी मेधाला सांगितलं, तिनं डोंगरातली सायकल वाढवली. पुढच्या रविवारी अण्णांनी "एवढंच ना?" असं विचारलं (आता कळतं, ते बिचारे 'देवा, एवढ्यावरच थांबू दे' या अर्थानं विचारत होते), तर आम्ही झाडांच्या शेंड्यांवरून दोरीनं लोंबकळत जायचं तेही घातलं. फ्रिजवर पंधरवड्याचा रंगीत तक्ता लागला. त्यात विश्रांतीचा रंग मला कुठे सापडेना.

इथे एक बारीकशी अडचण सांगायला हवी. मला पोहता येत नाही. आमचं गाव गुहागरजवळ, अगदी समुद्राला लागून, त्यामुळे मी पाण्यातच वाढलो असणार असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात आईनं मला गुडघ्याच्या वर कधी समुद्र लागू दिला नाही आणि नंतर आम्ही डोंबिवलीला आलो, जिथे पोहण्याइतकं पाणी नळालाही येत नसे. अण्णांची मात्र मला खात्री होती. हयात धरणांवर गेलेली! असा माणूस लाटांवरून सरसर जाणार आणि मी, अभय नावाचा त्यांचा जावई, मागे बुडबुडे काढणार. ते चित्र डोळ्यांपुढे आलं की मला जेवण जाईना.

मी गुपचूप आमच्या जवळच्या हालेनबाडमध्ये, म्हणजे छपराखालच्या सार्वजनिक तलावात, मोठ्या माणसांच्या शिकाऊ वर्गात नाव घातलं. दर शनिवारी सकाळी. घरी सांगितलं की वेर्टश्टॉफहोफला, म्हणजे गावाच्या भंगार टाकायच्या आवारात जातोय. मेधाला संशय येऊ नये म्हणून एक मोडका दिवा हाताशी ठेवला होता. तो दिवा मी दर शनिवारी तिच्यादेखत बाहेर नेत असे आणि तिच्या नकळत परत आणत असे.

"एवढं काय भंगार निघतंय आपल्याकडे?" मेधानं एकदा विचारलंच.

"घर म्हटलं की निघतं," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी घरभर क्लोरीनचा वास सुटायचा. मी घाबरून पुन्हा आंघोळ करायचो, तरी वास जायचा नाही. अण्णाही त्याच वेळी इराबरोबर लायब्ररीत जात. एकदा ते ओल्या केसांनी परत आले.

"पाऊस होता का, अण्णा?"

"थोडा."

बाहेर कडक ऊन होतं! पण सासऱ्यांनी पाऊस म्हटला की जावयानं छत्री उघडायची असते. मी "हो, आज अंदाज होताच" म्हणून मोकळा झालो.

आणि मग तो शनिवार आला. त्याच संध्याकाळी मेधा सर्फिंगपासून दोरीपर्यंत सगळ्याचं बुकिंग पक्कं करणार होती. पक्कं झालं की माघार नाही. तलावावर आमच्या शिक्षिका, फ्राउ वेंट, म्हणजे वेंटबाई, आज आम्हाला पहिल्यांदाच शिकाऊ वर्गाच्या वेगळ्या छोट्या हौदातून मोठ्या तलावात नेऊन काठ सोडायला लावणार होत्या. त्यांची शिट्टी रेल्वेच्या गार्डसारखी आणि दया त्याहून कमी. मी डोक्याला घट्ट टोपी, काखेत तरंगायला धरायची फोमची लांब गुलाबी नळी आणि मनात रामरक्षा अशा थाटात उथळ भागात उतरलो. त्यांच्या हुकमावरून डोळे मिटून पाठीवर तरंगायला लागलो. तरंगत तरंगत मी कुणाच्या तरी पाठीवर आदळलो.

"एन्टशुल्डिगुंग!" मी जर्मनमध्ये माफी मागितली.

"सॉरी, सॉरी, तुम्ही जा आधी," पाठ मराठीत म्हणाली.

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मी पाय टेकवले आणि डोळे उघडले. समोर, कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही दंडांना बदकांची चित्रं असलेले हवेचे नारिंगी फुगे घालून, माझे सासरे उभे होते! त्यांच्या शेजारी नऊ वर्षांची इरा, कमरेवर हात ठेवून, "बाइने, आजोबा, बाइने!" म्हणजे पाय मारा, पाय मारा, असं ओरडत होती.

"अभयराव! तुम्ही?"

"अण्णा! तुम्ही?"

आता जे झालं त्याला फक्त संस्कार जबाबदार आहेत. अण्णा अचानक समोर आले की माझी कंबर आपोआप वाकते. मी सवयीनं त्यांच्या पाया पडायला वाकलो आणि सरळ पाण्याखाली गेलो! नाकातोंडात पाणी. खाली अण्णांचे पाय दिसले, ते मी घट्ट धरले. (निदान नमस्कार तरी पुरा झाला.) अण्णा "अहो असू दे, असू दे" म्हणत मला उठवायला खाली वाकू लागले, पण बदकं त्यांना वाकू देईनात. त्या ओढाताणीत त्यांचे पाय सुटले आणि ते माझ्यावरच आडवे झाले. शिट्टी वाजली. सबंध तलाव थांबला. फ्राउ वेंट कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या आणि एका हातात सासरे, एका हातात जावई असे आम्हाला बाहेर काढून त्यांनी बाकावर शेजारी शेजारी बसवलं.

टॉवेल गुंडाळून आम्ही दोघं समोर बघत बसलो. माझ्या कानात पाणी, अण्णांच्या दंडांवर अजून बदकं. तरीसुद्धा, देवाशप्पथ सांगतो, आम्ही कबूल करायला तयार नव्हतो!

"मी आपला सहज आलो होतो," मी म्हणालो.

"मीही. इराला जरा सोबत," अण्णा म्हणाले.

"तिकडे गेल्यावर सवय असलेली बरी."

"हो ना. तुमचा विरस नको व्हायला."

"माझा? अहो, तुमचा नको व्हायला!"

इरा आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, आमचा हा प्रकार मात्र कळत नाही. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "आल्झो," म्हणजे 'तर मग', ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला सर्फिंग करायचंय? या ओडर नाइन?"

हो की नाही! असा प्रश्न अण्णांना आयुष्यात कुणी विचारलेला नसावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नाइन."

"पापा?"

"नाइन!" मी जवळजवळ ओरडलोच. आणि छातीवरून एखादं कपाट उचलून बाजूला ठेवावं तसं मला हलकं वाटलं.

"मला पाण्याची फार भीती वाटते हो, अभयराव," अण्णा म्हणाले. "तीस वर्षं धरणाच्या काठावरून पाणी मोजलं. आत पाय नाही घातला. मला वाटलं, तुम्ही कोकणातले, तुमची हौस. जावयाला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मला वाटलं, तुमची हौस!"

आम्ही दोघं असे हसत सुटलो की फ्राउ वेंटनी पुन्हा शिट्टी वाजवली. हसता हसता अण्णांनी माझा हात धरला आणि तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी लिफ्टमध्येही आम्ही एकदम शिरलो.

मेधा लॅपटॉप उघडून बसलेलीच होती. आमची अवस्था बघून तिनं आधी सगळी हकीकत ऐकून घेतली. मग तिनं फ्रिजवरचा तक्ता काढला आणि खुर्चीत अंग सोडून दिलं. "सुटले बाई! मला ती दोरी मुळीच नको होती. पण अण्णांची हौस म्हणून गप्प होते."

नवा बेत पाच मिनिटांत ठरला. गोल्ड कोस्टला जायचं, पण किनाऱ्यावर बाक बघून बसायचं. सकाळी चालायचं, संध्याकाळी पुन्हा चालायचं, मधल्या वेळात समुद्राकडे बघायचं. "समुद्र तसा लांबूनच चांगला दिसतो," अण्णा म्हणाले. इतकं ठाम मत त्यांनी आमच्या घरात प्रथमच मांडलं.

त्या आनंदात मी सगळ्यांसाठी चहा टाकला, चांगलं आलं किसून. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले,

"वा!"

मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता.

"अण्णा," मी सावकाश विचारलं, "त्या रविवारी तुम्ही 'वा' म्हणालात, तो म्हातारा लाटेवरून आला तेव्हा..."

"कुठला म्हातारा?"

"टीव्हीवरचा. फळीवरचा."

"चष्म्याशिवाय मला टीव्ही कुठला दिसायला! मी चहाला म्हणालो. आलं काय सुरेख उतरलं होतं त्या दिवशी."

मेधा माझ्याकडे बघत राहिली, इरा माझ्याकडे बघत राहिली, आणि मी माझ्या कपाकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हातच्या चहाला पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून 'वा' म्हणालं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांना प्रशांत महासागरात ढकलायला निघालो होतो!