दोघांपुरती नाव

आमचे मालक पाथर्डीकडचे. त्या मुलखात माणसाची पाण्याशी गाठ पडते ती विहिरीच्या तळाशी. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि सुतारकामासाठी प्रवरेच्या काठी राहायला आल्यावरही ते कधी गुडघ्यापलीकडे नदीत उतरले नाहीत. असा माणूस एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, मी नाव बांधतो. एरवी मी पोट धरून हसले असते. पण नाव माझ्यासाठी होती.

पहिलं मूल मी आदल्या पावसाळ्यात गमावलं होतं. नर्सबाई आणि दवाखाना पलीकडं नेवाशाला, मध्ये भरलेली नदी. आठ महिने ज्या उतारावरून बैलगाड्या जायच्या तिथं दोन पुरुष पाणी. मूल आडवं आलेलं, गावच्या सुइणीनं तिच्याच्यानं होईल ते सगळं केलं. माणसं काठावर उभी राहून दिवसभर पलीकडं हाका मारत होती. संध्याकाळी हाका मारायचं कारण उरलं नाही. पुढं पुन्हा दिवस गेले आणि बोटं मोजली, तर बाळंतपण ऐन श्रावणात येत होतं.

पुराच्या वेळी आमच्याकडची माणसं गूळ करायच्या काहिलीत बसून नदी ओलांडायची. काहील सहसा बुडत नाही, पण ती पडली गोल. धारेत सापडली की गरगर फिरते आणि लागेल तिथं लागते, कधी गावापासून पार खाली. धडधाकट माणूस तिथून शिव्या देत चालत येतो. कळा येत असलेल्या बाईनं काय करायचं?

म्हणून नाव. मालक गाड्या करण्यात पटाईत, पण नाव त्यांनी पाहिली होती ती नगरला एका दुकानातल्या तसबिरीत. बाभळीचं लाकूड दारात पडलेलं होतं, पण ते जड, आणि नाव रोज पुराच्या वर ओढून ठेवायची तर हलकी हवी. सागवान परवडण्यातलं नव्हतं. शेवटी तळाला आणि बाजूंना आंब्याच्या फळ्या, आतून आधाराला बाभळीच्या आडव्या पट्ट्या, असं ठरलं. आंबा पाण्यात लवकर कुजतो, असं मी म्हटलं. ते म्हणाले, एक पावसाळा टिकला तरी पुरे. लढाईचे दिवस, खिळे मिळत नव्हते. मोडक्या गाड्यांचे खिळे काढून ते ठोकून सरळ करत बसायचे.

एक दिवस सुतळी घेऊन आले आणि मला उताणी निजायला सांगितलं. गावातल्या ख्रिस्ती घरांत कुणी गेलं की पेटी तेच करायचे, आणि पेटीचं माप त्याच सुतळीनं घ्यायचे. मी ताडकन उठले आणि म्हटलं, अजून मेले नाही मी. सासूबाईंनी सुतळी हिसकावून चुलीत टाकली. मालकांनी दुसरी सुतळी आणली आणि मला उभी करून माप घेतलं.

त्या मापानं नावेची लांबी ठरली: मी आडवी, आणि मागं वल्हं मारायला ते. रुंदीवरून मात्र आमचं रोज वाजायचं. मला रुंद हवी होती, सासूबाई शेजारी बसू शकतील एवढी. ते म्हणत, रुंद केली तर एका माणसाच्या वल्ह्यानं ती धार तोडणार नाही, काहिलीसारखीच वाहत जाईल. मग अरुंद केली तर उलटणार नाही का? उलटेल, म्हणून तळ सपाट ठेवतो. बाजू उंच करा, पाणी आत येईल. उंच केल्या तर वारा धरतील. मी काहीही विचारलं की त्यांच्याकडं उत्तर तयार, आणि तेही असं थंडपणे की जणू कुणाच्या पाटाचं नाहीतर पाळण्याचं चाललंय. मला त्या थंडपणाचा संताप यायचा. सगळी भीती माझ्या वाटणीला टाकून हा माणूस रंधा मारतो आहे, असं वाटायचं.

शेवटी नाव दोघांपुरतीच झाली. फटींत कापूस कोंबून वर राळ भरली आणि आषाढात, नदी अजून बेताची असताना, ती पाण्यात घातली. मालक मागं वल्हं घेऊन बसले आणि काठावर एका माणसाच्या हातात नावेचा दोर दिला. माझ्या जागी, माझ्या वजनाचं म्हणून बाजरीचं पोतं ठेवलं. मालकांनी माझी जागा पुढच्या टोकाशी धरली होती. गाडीचा सुतार दुसरं काय करणार? गाडीत भार थोडा पुढंच हवा. मागं पडला तर गाडी उलाळ होते, जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. जन्मभर त्यांनी धुरेशी, बैलांच्या बाजूला, भार राहील अशा गाड्या केल्या होत्या, तशीच नाव केली.

काठ सोडताच पुढचं टोक खाली गेलं, मागचं उचललं आणि नाव वल्ह्याला दाद न देता आडवी फिरली. पुढून पाणी आत आलं. दोर ओढून तिला काढली तेव्हा माझ्या जागचं पोतं निथळत होतं. सासूबाई बाजरीसाठी हळहळल्या. मी पोत्याकडं बघितलं आणि नावेपासून लांब जाऊन बसले.

"हिला बैल न्हाईत," मालक म्हणाले. "भार मधी पायजे."

पण मध्ये आडवं निजायला जागा कुठं होती? लांबी वाढवायची तर फळ्या नव्हत्या, शेपटीत धोंडे ठेवले तर नाव आणखी खाली बसणार. एकच वाट राहिली. मी निजायचं नाही, गुडघे वर घेऊन बसायचं. त्यांनी मधल्या पट्ट्या काढल्या, पाठीला टेकायला एक फळी बसवली आणि विचारलं, जमेल का. मी म्हटलं, तुम्ही बसून बघा कळा येताना. त्यावर ते उठून बाहेर गेले.

श्रावणात एका सकाळी कळा सुरू झाल्या. नदी गढूळ, भरलेली. नाव खूप वरच्या अंगाला नेली, म्हणजे वाहत वाहत समोरच्या घाटाला लागेल. सासूबाई काठावर राहिल्या. मी नावेच्या तोंडाकडं पाठ करून बसले, मालकांसमोर. मला पाणी बघायचं नव्हतं.

धारेत शिरलो आणि मोठी कळ आली. मी एका बाजूच्या फळीला गच्च धरलं, तशी ती बाजू कलली आणि पाणी मांडीवर आलं. मला वाटलं, संपलं.

"फळी सोड," ते म्हणाले. "माझे गुडघे धर."

मी त्यांचे गुडघे धरले. नखं रुतेपर्यंत धरले. नाव सावरली. घाटाच्या जरा खाली लागलो, दोन कोळ्यांनी ओढून घेतलं. दुपारी मुलगी झाली. बारीक होती, पण रडली ती अशी रडली की नर्सबाई म्हणाल्या, हिचं रडणं पलीकडं ऐकू गेलं असेल.

काही दिवसांनी नर्सबाईंनी घरी जायला परवानगी दिली. पूर तसाच होता. मालक दवाखान्याच्या ओट्यावर मुलीला घेऊन बसले होते. मी विचारलं, माघारी जाताना हिला कुठं घेऊन बसू? मांडीवर घेतली तर मला तुमचे गुडघे धरता येणार नाहीत.

त्यांनी मुलीच्या कुंचीची गाठ सोडली, परत बांधली.

"परतायचं धरलंच न्हवतं मी," ते म्हणाले. "तुमी दोघी माघारी याल, असं मनात आणायचंच भ्या वाटायचं. म्हून नाव जाण्यापुरतीच केली."

बांधलेली गाठ त्यांनी पुन्हा सोडली. मी मुलीला त्यांच्याकडून घेतलं. इतके महिने मी समजत होते की आमच्या घरात भिणारी मी एकटीच आहे.