गोळी न घेता या

मी पत्रकं लिहिते. फुटपाथवर गाड्या लावणाऱ्यांविरुद्ध, बंद केलेल्या बसमार्गांसाठी, पेठेतल्या तुंबलेल्या गटारांसाठी. आमचा गट लहान आणि तोंड मोठं. पत्रकाचं एक बरं असतं, वर कोणाचं तरी नाव घालता येतं. आयुक्त, अभियंता, नगरसेवक. दोषी ठरलेला असतो, फक्त शब्द शोधायचे. हे लिहिताना मात्र वर कोणाचं नाव घालायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

माझे वडील शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, घरात आला. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग चाल गेली, मग चेहरा. चेहरा हलायचाच बंद झाला. विनोदसुद्धा दगडी चेहऱ्याने करायचे. "पुण्यात कोणाच्या लक्षातही येत नाही," असं त्यांचं त्यावर म्हणणं.

गोळी घेतली की काही वेळ माणूस परत मिळायचा. उतरली की खुर्चीत पुतळा. पुढे पुढे तर गोळी चढली की अंग नको तेवढं वळवळायचं आणि उतरली की लाकूड व्हायचं. मधला शहाणा वेळ आकसत गेला. तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा सोडायच्या, छातीवर कातडीखाली बॅटरी बसवायची आणि तिथून त्या तारांना वीज द्यायची. आजार जात नाही, पण तो मधला वेळ वाढतो. आम्हाला तेवढाच हवा होता. वडिलांना स्वतःच्या हाताने वरणभात खायचा होता आणि स्वतःच्या पायांनी शनिवार पेठेतून नदीकाठापर्यंत जायचं होतं. याहून मोठी मागणी त्यांची नव्हती.

ऑपरेशनआधी एक चाचणी असते. हॉस्पिटलमधून फोन आला, "आदल्या संध्याकाळपासून गोळी बंद. सकाळी गोळी न घेता या." का, ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आमच्या घरात डॉक्टरकडे जायची एक पद्धत आहे. आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. लहानपणी मी तापाने फणफणलेली असले तरी आई आधी वेणी घालायची आणि जिन्यात बजावायची, "कण्हायचं नाही. विचारलं तर बरं वाटतंय म्हणायचं." बरं वाटत असतं तर गेलो कशाला असतो? पण ही पद्धत एकट्या आमच्या घरची नाही. पेठेतल्या कोणालाही विचारा, कामवाली यायच्या आधी घर झाडून घेणारी माणसं आहेत ही.

चाचणीच्या खोलीत डॉक्टर होते, दोन शिकाऊ डॉक्टर मुली होत्या आणि स्टँडवर कॅमेरा. वडील पांढऱ्या शर्टात चालत आले. पाय घासत, पण चालत. घरी प्रत्येक दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे, इथे चिकटले नाहीत. खुर्चीतून उठले. अंगठ्यावर बोट आपटून दाखवलं. मुलींना म्हणाले, "निबंधही लिहून दाखवतो, विषय सोपा द्या." मुली हसल्या. मला केवढा अभिमान वाटला. आई म्हणाली, "बघा डॉक्टर, गोळी नसताना हे."

डॉक्टरांनी विचारलं, "सर, सकाळी गोळी घेतली नाहीत ना?"

"छे. आपली सूचना होती ना."

मग त्यांना गोळी दिली, थोडा वेळ बसवलं आणि सगळं पुन्हा करून घेतलं. फरक पडला, पण थोडाच. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळीने माणूस जितका सुधारतो, साधारण तितकाच तो तारांनी सुधारतो. सरांमध्ये फारसा फरक दिसत नाही. डोक्याला भोकं पाडून हाती काही लागणार नाही. मी हे ऑपरेशन सुचवणार नाही."

मी तिथेच भांडले. म्हटलं, घरी येऊन बघा ते कसे असतात. ते म्हणाले, "मला इथे जे दिसतं त्यावरच ठरवावं लागतं." घरी येऊन मी पत्रक खरडलं, 'ऑपरेशन नक्की कोणासाठी?' त्यात हॉस्पिटलं, विमा, पेशंटचे कपडे बघून बदलणारी भाषा, कोणालाच सोडलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं.

"'हेळसांड' तीनदा आलंय. एकदा पुरे."

"बाकी?"

"छापू नकोस. बरं दिसत नाही."

घाबरले, असं मी धरून चालले.

पुढची दोन-अडीच वर्षं मी सांगत बसत नाही. ते पडले, हनुवटीला टाके पडले. घास भरवायचं काम आईकडे आलं. मग त्यांना गॅलरीत माणसं दिसायला लागली. सभ्य माणसं असावीत, कारण वडील आईला सांगायचे, "अगं, त्यांना चहा विचार."

एका दुपारी न्हावी घरी येणार होता. मी वडिलांच्या शर्टाची बटणं काढत होते. ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी घेतली होती."

"काय?"

"गोळी. दीड. दाढी करताना."

"का, बाबा?"

"तपासणी होती ना." मग वर्गात समजावल्यासारखं, एकेक शब्द ओढत, त्यांनी सांगितलं. शाळेत साहेब तपासणीला यायचे त्याच्या आधी आठवडाभर वर्ग तयार करत. उत्तरं घोटून घेत. आणि कच्ची मुलं मागच्या बाकावर. "तपासणीच्या दिवशी कच्चा मुलगा कोणी पुढे बसवतं का?"

"ते कच्चा मुलगाच बघायला बसले होते, बाबा."

"तसं कोणी सांगितलं नाही."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. एक वाक्य हवं होतं. 'जितके वाईट दिसाल तितकं तुमच्या फायद्याचं.' कॅमेरा लावायला ज्यांना वेळ आहे त्यांना हे एक वाक्य बोलायला वेळ नव्हता. आणि आमच्याकडे, जीव गेला तरी चालेल पण शर्टाची घडी मोडता कामा नये.

मी त्याच डॉक्टरांकडे गेले आणि जे घडलं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, पुन्हा बोलावलं. त्या सकाळी आई इस्त्री तापवून उभी होती. मी वडिलांना रात्रीच्याच चुरगळलेल्या सदऱ्यात रिक्षात घातलं.

"अगं, असं नेणार त्यांना?"

"असंच."

त्याच खोलीत, त्याच कॅमेऱ्यासमोर ते बसले; शिकाऊ मुली तेवढ्या नवीन होत्या. लाळ सदऱ्यावर येत होती, पुसायला हात उठत नव्हता. बोट अंगठ्यापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. उठा म्हटल्यावर फक्त डोळे वर झाले. मग गोळी दिली. आम्ही थांबलो. आणि ते उठले. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, वळले, दोन्ही हात हलवत परत आले. डॉक्टर बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघितलं. तारांनी काय झालं असतं ते आम्हा दोघांना एकाच वेळी दिसलं.

त्यानंतर शेजारच्या खोलीत स्मरणशक्तीची चाचणी होती. घड्याळ काढा म्हटल्यावर वडिलांनी गोल काढला आणि सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. मग प्रश्न आला, "घरात कोणी नसताना माणसं दिसतात का?"

"नाही," वडील म्हणाले.

"छे, छे," आई म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. एका खोट्याने काय केलं ते वडील कॉरिडॉरमध्ये चालले तेव्हा मी नुकतंच पाहिलं होतं. मी म्हटलं, "दिसतात. गॅलरीत."

डॉक्टरांनी समजावलं, अगदी नीट, या वेळी सगळी कारणं देऊन. मन असं हललं असताना तारा घातल्या तर ते आणखी ढासळू शकतं. आता करता येणार नाही.

"आणि तेव्हा?"

"तेव्हा केलं असतं."

रिक्षात, लक्ष्मी रोडच्या सिग्नलला आई म्हणाली, "तुला सगळीकडे खरं बोलायची सवय." एवढंच.

संध्याकाळी वडील गॅलरीत बसले होते. गोळी उतरायला लागली होती, आवाज बारीक झाला होता.

"त्या मुलींनी शूटिंग केलं ना? मी चाललो त्याचं."

"हो, बाबा."

"कसा दिसलो?"

"छान चाललात. हात हलत होते."

"शर्ट?"

"पांढरा."

"इस्त्री होती?"

आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती. आत आली नाही.

"होती," मी म्हटलं.

"बघा," वडील शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले.