भिंतीवरचा सत्तावीस

मंगळवार, १२ ऑगस्ट. कांड्या भरायच्या पडल्या होत्या. त्या भरल्या नाहीत तर आडवं सूत नाही आणि माग थांबतो. तरी सकाळी पालिकेच्या कचेरीत गेले. आदल्या आठवड्यात टेप घेऊन तिथले दोघे आले होते. त्यांनी आमच्या भिंतीवर लाल रंगात सत्तावीस लिहिलं होतं. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं.

खिडकीमागच्या साहेबाला तेच विचारलं.

"सगळं साइटवर आहे. बघा की."

"कुठं बघायचं, साहेब?"

त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. कीबोर्ड पुढं ढकलला. "टाका गल्लीचं नाव. शिका सगळ्यांसमोर."

एका बोटानं अक्षरं हुडकत टाकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आक्का, सांज हुईल की!" रांग हसली. साहेबही हसला. पडद्यावर आलं: काही आढळले नाही.

"बघा," तो म्हणाला. "तुमची गल्लीच न्हाय यात. जावा, माग चालवा."

तीस वर्षं मी त्या गल्लीत राहते. तोंडावर गल्लीच नाही म्हणाला आणि मी मान हलवली. वर "थँक्यू साहेब" म्हटलं. ते थँक्यू अजून सलतं.

घरी आले तर वीज गेलेली. वडगावात सगळे माग एकदम गप्प झाले की बरं वाटत नाही. शेजारची शेवंताआक्का दारात उभी होती. तिच्या भिंतीवर अठ्ठावीस.

"काय म्हणाला गं?"

"आपली गल्ली न्हाय म्हणाला."

"मग हे आकडं काय वरात मोजाय लिवल्यात व्हय?"

मी मोबाइल घेतला. तोवर त्यावर साड्यांचे फोटो व्यापाऱ्याला पाठवायचे, एवढंच करत होते. साइट उघडली. सगळं कन्नडमध्ये. कन्नड मला वाचता येतं, शाळेत शिकले. साहेबानं ते विचारलंच नव्हतं. शोधायच्या चौकटीत गल्ली टाकली. घर नंबर टाकला. माझं नाव, मग वारलेल्या मामंजींचं. काही आढळले नाही. काही आढळले नाही. बॅटरी तीस टक्के.

ताण्यात एक धागा तुटला की नुसतं बघून कळत नाही. हजारो धागे, सगळे सारखे. बोट ठेवून एकेक धागा चाचपत जावं लागतं. सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. चौकट बंद केली. सूचनांची यादी उघडली आणि पहिल्या पानापासून एकेक कागद बघत गेले. टेंडर. डासांची फवारणी. नळाची वेळ. तारखांना क्रम नव्हता. रस्त्यांच्या सदरात काही नव्हतं. मालमत्तेच्या सदरात नव्हतं.

सापडलं ते 'इतर' या सदरात.

कागदाचा तिरका काढलेला फोटो होता. फोटोतली अक्षरं त्या चौकटीला वाचता येत नाहीत, हे मला तिथं कळलं. मी अडाणी नव्हते. शोधून सापडणार नाही अशाच रीतीनं तो ठेवला होता.

रस्ता रुंद होणार. घरांची यादी. सत्तावीस: मामंजींचं नाव, पुढची पंधरा फूट जागा. पुढच्या खोलीतच आमचा माग उभा आहे. प्रत्येक नावापुढं एकच शेरा: नोटीस बजावली. मामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली. शेवंताआक्काच्या नावापुढंही तेच.

"मला कुणी दिली गं नोटीस?" ती म्हणाली.

खाली हरकतीचा अर्ज द्यायची शेवटची तारीख होती. तेरा. म्हणजे उद्या.

बॅटरी नऊ टक्के. आधी तो कागद मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतला. मग शेवंताआक्काला म्हटलं, "दार न् दार वाजव. रडायला न्हाय, सही कराय बोलाव."

घर वाचलं, असं मी सांगत नाही. सत्तावीस अजून भिंतीवर आहे. पण पडद्यावर काही नाही म्हणून काही नाही, हे आता कुणी मला सांगू नये. चौकटीवर आणि साहेबावर विश्वास ठेवायचं त्या दुपारी संपलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी आम्ही एकतीस जण खिडकीशी उभे होतो. नोटिशीची झेरॉक्स मी साहेबापुढं ठेवली.

"हे कुठं मिळालं?"

"तुमच्याच साइटवर. हुडका की."

तो हसला नाही. म्हणाला, "एकच अर्ज द्या सगळ्यांचा."

"न्हाय. घरं एकतीस, अर्ज एकतीस. शिक्के एकतीस."

माझ्या अर्जावर शिक्का बसला. त्यावरची तारीख मी मोठ्यानं वाचली, आणि खिडकीच्या फळीवरून हात न काढता मागं बघून म्हटलं, "अठ्ठावीस, पुढं ये."